अकरा घरांची घरपट्टी

१

आमच्या घरात हॉटेल चालतं, हे आम्हाला घरपट्टीच्या बिलावरून कळलं.

बिल आलं सोमवारी, सहा एप्रिलला. मालमत्तेचा वापर: वाणिज्य, उपाहारगृह. क्षेत्रफळ: २,३८० चौरस फूट. वार्षिक कर: ३१,२६० रुपये. घर घेण्याआधी विमलबाईंनी, म्हणजे ज्यांच्याकडून आम्ही ते घेतलं त्यांनी, मागची पावती दाखवली होती. तिच्यावर २,१४० रुपये होते.

आई बावीस वर्षं शिक्षिका आहे. आधी जानेफळ, मग संग्रामपूर, आणि मागच्या जूनपासून हे आमखेड बारव. प्रत्येक बदलीत भाड्याच्या दोन खोल्या आणि घरमालकाची किल्ली. या जानेवारीत तिने पहिल्यांदा स्वतःचं घर घेतलं. भविष्य निर्वाह निधीतली सगळी रक्कम आणि वर कर्ज. तीन खोल्या, हातभर जाड भिंती, मातीचं छत, पुढे मोठं अंगण. ‘शैलजा वायाळ’ अशी पितळी पाटीही तिने करून आणली होती. बिल आलं त्या दिवशी ती पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात गेली.

“एवढा कर दरवर्षी द्यायचा तर हप्ता कशातून भरू?” आई म्हणाली. “सुनावणी होईपर्यंत पाटी राहू दे, आरोही.”

मी रसायनशास्त्राची पदवीधर. जालन्याला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. चुकीचा आकडा दिसला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. मंगळवारी सुट्टी टाकून आम्ही दोघी नगरपंचायतीत गेलो.

कर विभागाचे लिपिक हरिओम यांनी बिल उलटसुलट करून पाहिलं.

“आता मी काय करू मॅडम? कम्प्युटरनं जे देल्लं ते देल्लं. बिलं पुण्याहून छापून येतात. काल सकाळी पार्सल आलं, सील मीच फोडलं.”

“पण घरात हॉटेल नाही,” आई म्हणाली.

“आज नसंल. सर्वे मागच्या साली झाला. तवा असंल.”

“तेव्हा तिथे विमलबाई एकट्या राहत होत्या.”

“मंग त्यायनंच चालवलं असंल!”

“सर्वेचा मूळ कागद दाखवा,” मी म्हणाले. “कोणी, काय लिहिलं ते बघू.”

त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. सात वॉर्डांच्या सात फायली असायला हव्या होत्या. तीन क्रमांकाची होती, मग हातभर मोकळी जागा, मग पाच.

“वॉर्ड चारची फाइल?”

“इथंच होती. परवापर्यंत इथंच होती. स्कॅनिंगले गेली होती सगळी थप्पी, वापस आली, माही सही हाय.”

“म्हणजे हरवली?”

“हरवली कोन म्हनते? सापडून नाही राह्यली.”

“फरक काय?”

“हरवली म्हटलं की माह्यावर चौकशी बसते.” त्यांनी कपाट लावायला हात पुढे केला. “मूळ कागदाबिगर बिल बदलत नाही. आठ मेले सुनावणी हाय. तवरीक कागद भेटला तं ठीक, नाहीतं भरा. उशीर झाला का महिन्याले दोन टक्के वर.”

कपाट बंद होण्याआधी त्या मोकळ्या जागेवरून मी बोट फिरवलं होतं. बाहेर उन्हात येऊन बोट पाहिलं. ते राखाडी झालं होतं. कपाटात जाड, सलग थर होता. वर नांगरट केल्यासारखी एकच रेघ, माझ्या बोटाची.

परवापर्यंत तिथे फाइल होती म्हणे.

२

हरकतीच्या अर्जाच्या प्रती काढायला आम्ही बसस्टँडसमोर ‘गोकुळ ऑनलाइन’मध्ये गेलो. गोकुळभाऊंचं दुकान म्हणजे झेरॉक्स, दाखले, भरतीचे फॉर्म आणि प्लॉटचे व्यवहार, सगळं एकाच काउंटरवर. कोपऱ्यात प्लॅस्टिक पांघरलेलं एक भलंमोठं स्कॅनर होतं. आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा एवढं नाही.

“एवढं कशाला लागतं हो?” मी विचारलं.

“लग्नपत्रिका, नकाशे... असंच,” ते म्हणाले. बिल त्यांनी पूर्ण वाचलं, डोक्याला हात लावला आणि प्रतींचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी ते स्वतः घरी आले. आईने चहा ठेवला.

“मॅडम, तुम्ही बाहेरच्या मानसं. तुम्हाले असं व्हावं, हे मले पटलं नाही,” ते बाजेवर टेकत म्हणाले. “मी तं म्हनतो, आता खरंच ढाबा टाका! अंगनात चार खाटा, शेवभाजी, भाकर. बोर्ड मी फुकट रंगवून देतो.”

आई हसली नाही.

“मजाक केली हो. पन नगरपंचायतीशी भांडून कोनी जितलं का आजवर? तुम्ही बाराले घेतलं, मी आठ देतो. पुढचे सगळे बिलं माह्या डोक्यावर. तुम्ही मस्त भाड्यानं राहा.”

“तुम्हाला तोट्यातलं घर कशाला हवं?” मी विचारलं.

“माहं काय, बाई. मी मोठ्या लोकायले ओळखतो. माह्याकडून होऊन जाते.”

ते गेल्यावर आईने रिकामा कप उचलला. “मस्त भाड्यानं राहा,” ती स्वतःशीच म्हणाली. मग मला म्हणाली, “विमलबाईंना फोन लाव.”

विमलबाई आता मुलाकडे नाशिकला असतात. हॉटेलचं नाव काढताच फोन कानापासून दूर धरावा लागला.

“हाटेल? माह्या घरात? अवो मॅडम, चाळीस वर्षं राह्यली मी तिथं. पैसे घिऊन कोनाले पानी नाही पाजलं! कोन म्हनते, त्याचं नाव सांगा मले!”

“नाव नाही, बाई. कम्प्युटर म्हणतो.”

“मंग त्या कम्प्युटरले इकडं पाठवा!”

एक संशयित कमी झाला. पण नवा प्रश्न उभा राहिला. विमलबाईंनी हॉटेल चालवलं नाही, आईने चालवलं नाही. मग हे हॉटेल नेमकं कोणाच्या डोक्यातून निघालं?

३

प्रयोगशाळेत एखाद्या पोत्यातलं बी उगवलं नाही तर आम्ही त्या एका पोत्याकडे बघत बसत नाही. न उगवलेली सगळी पोती शोधतो आणि त्यांच्यात सारखं काय ते बघतो.

दोन रविवार मी वॉर्ड चारमध्ये घरोघर फिरले. चौसष्ट घरं. लोकांनी बिलं हौसेने दाखवली, कारण ऐकून घेणारं कोणीतरी आलं होतं. त्यातली अकरा घरं ‘उपाहारगृहं’ निघाली. अकरा! सगळ्या गावात मिळून चहाच्या टपऱ्या धरूनही नऊ हॉटेलं असतील.

मी तक्ता केला. अकरा घरं रस्त्यालगत होती का? नाही, तीन तर बोळात होती. मोठी होती का? नाही. नुकतीच विकली गेलेली? फक्त आमचं. एका जातीची, एका पक्षाची? तेही नाही. एकच गोष्ट सारखी होती. अकराही ठिकाणी घराबरोबर अंगणावरही कर लावला होता. आमचं बांधकाम ६२० फूट आहे, २,३८० हा अख्खा प्लॉट. बाकी त्रेपन्न घरांच्या अंगणांना हात लावलेला नव्हता.

शेजारच्या झुंबरबाईंचं घर त्या अकरांपैकी एक. त्या एकट्या, शेतमजुरीवर घर चालवणाऱ्या. त्या दिवशी त्या छतावर कुरडया वाळत घालत होत्या. मी शिडीने वर गेले.

“मावशी, तुम्ही हरकतीचा अर्ज दिला का?”

“कायचा अर्ज, पोरी. म्या तं इकून टाकलं. गोकुळनं इसाराचे पाच हजार देल्ले. पुढच्या महिन्यात देऊळगाव राजाले जाऊन अंगठा देनं हाय.”

“बिल आलं म्हणून?”

“बिल तं मंग आलं. त्यो आदीच आलता. हनमान जयंतीले. म्या देवळातून परसाद घिऊन आली, तं हा ओट्यावर बसेल. म्हने, मावशी, तुले टॅक्स लय येनार हाय, इकून मोकळी हो.”

माझ्या हातातली कुरडई मोडली. हनुमान जयंती गुरुवारी होती, दोन एप्रिलला. बिलांच्या पार्सलाचं सील हरिओम यांनी फोडलं सहा तारखेला.

“मोडू नको वं,” झुंबरबाई म्हणाल्या. “तिकडं पाय, तुह्या पायाखाली दुसरी हाय.”

मी खाली पाहिलं. कुरडया कापडावर, कापड मातीवर. मग मान वर केली आणि वॉर्डाकडे नजर टाकली. स्लॅब, पत्रे, पत्रे, स्लॅब, माती. मी बोटावर मोजायला लागले. आमचं, झुंबरबाईंचं, बोळातली तीन, मारुतीच्या देवळामागची दोन...

मातीची छतं अकरा होती.

४

हे मला उलटंच वाटलं. मातीचं छत म्हणजे सर्वांत कमी दर. गरिबाच्या घराला हॉटेलचा कर कसा लागेल?

सर्वे पुण्याच्या एका कंपनीने केला होता, पण टेप धरायला माणूस गावातला होता. निवृत्तीकाका, नगरपंचायतीचे जुने शिपाई. ते बारवेजवळ राहतात. मी गेले तेव्हा ते दारात बसून दोर वळत होते.

“काका, सर्वेत तुम्ही आमच्या घराला हॉटेल लिहिलं?”

“म्या?” त्यांचा दोर हातातून सुटला. “म्या पस्तीस साल नोकरी केली, कोनाच्या कागदाले डाग नाही लावला. थांब.”

ते आत जाऊन एक हिरवी वही घेऊन आले. “कंपनीच्या कागदावर लिवायच्या आदी हिच्यात लिवत होतो. डोक्यात राह्यत नाही आता. पाय, वॉर्ड चार. विमलबाई. लांबी, रुंदी. खोल्या तीन. मंग हे, परकार.”

मी वाचलं. त्यांचं अक्षर गोल आणि घाईचं होतं. आकड्यांच्या पुढे एकच शब्द होता. झुंबरबाईंच्या नावापुढेही तोच. अकरा ठिकाणी तोच.

“काका, हा काय शब्द आहे?”

“काऊन, तुले मराठी वाचता येत नाही का? धाबं! धाब्याचं घर. मातीचं छत म्हंजे धाबंच ना?”

रोजचा शब्द. जन्मापासून इतका ऐकलेला, की तो लिहिलेला मी कधी पाहिलाच नव्हता. आणि काकांच्या गोल अक्षरात ‘धा’ची वरची गाठ उघडी राहिली होती. ज्याने धाबं कधी पाहिलं नाही, अशा पुण्यातल्या एखाद्या ऑपरेटरने हा कागद वाचला तर तो काय वाचेल?

ढाबा. अंगणात खाटा टाकतात, म्हणून अंगणासकट.

मला आधी हसू आलं. मग सावकाश राग यायला लागला, कारण हा शब्द मी या महिन्यात आधी एकदा ऐकला होता.

५

आठ मेला मुख्याधिकारी प्रतीक्षा मॅडमच्या दालनात सुनावणी झाली. आई, मी, निवृत्तीकाका, झुंबरबाई आणि टेबलाच्या कडेला हरिओम. गोकुळभाऊही आले होते. “मावशीले लिहितावाचता येत नाही, म्हनून सोबत,” ते म्हणाले.

काकांची वही मी टेबलावर ठेवली आणि तो शब्द दाखवला. प्रतीक्षा मॅडम पुण्याकडच्या. त्यांनी वाचला, भुवया उंचावल्या.

“ढाबं?”

“बघा मॅडम,” आई म्हणाली, “तुम्हीसुद्धा.”

त्या क्षणभर ओशाळल्या. “चूक समजली. पण ही खासगी वही आहे. मूळ फाइल कुठे आहे, हरिओम?”

“साहेब, चोरीले गेली असंल. परवापर्यंत...”

“ती चोरीला गेलेली नाही,” मी म्हणाले. “ती परत आलीच नाही. एप्रिलमध्ये त्या जागेवर धुळीचा सलग थर होता. फाइल नुकतीच उचलली असती तर तिच्या मापाची स्वच्छ जागा दिसली असती. तिथे कित्येक महिने काहीच ठेवलेलं नव्हतं. हरिओमभाऊ, तुम्ही थप्पी मोजून घेतली होती का?”

हरिओम टेबलावरची वही सरळ करायला लागले.

“बोला,” प्रतीक्षा मॅडम म्हणाल्या.

“मार्च एंडिंग होतं साहेब... मागच्या सालचं. त्यायनं आणून ठेवली, म्या ‘सात मिळाल्या’ लिहून सही केली. मोजल्या नाही. मंग कोन्या तोंडानं सांगू, का सहाच होत्या?”

“आणून कोणी ठेवली?”

हरिओम यांनी फक्त मान वळवली. आम्ही सगळ्यांनीच वळवली.

“स्कॅनिंग माह्या दुकानात झालं, त्यात काय लपवाचं?” गोकुळभाऊ म्हणाले. “कंपनीनं काम देल्लं, मी केलं. म्या सातच देल्ल्या, सही हाय ना त्याची.”

“तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा ढाबा टाका म्हणालात,” मी म्हणाले. “बिलावर उपाहारगृह लिहिलंय. हरिओमभाऊ हॉटेल म्हणाले, विमलबाई हाटेल म्हणाल्या. चौसष्ट घरं फिरले, ढाबा हा शब्द कोणी काढला नाही. तो फक्त त्या फाइलमधल्या कागदावरून निघू शकतो.”

“वा रे वा! आता मानसानं मजाकबी करू नाही?”

“एका शब्दावरून मीही काही म्हटलं नसतं. पण झुंबरमावशींकडे तुम्ही हनुमान जयंतीला गेलात. कर वाढणार हे सांगितलंत. बिलं गावात आली चार दिवसांनी, तीही सीलबंद. मावशी, दिवस पक्का ना?”

“हातात परसाद होता माह्या,” झुंबरबाई म्हणाल्या. “यानं बी खाल्ला.”

“अंदाज होता, मावशी. सगळ्यायचाच वाढनार होता.”

“सगळ्यांचा नाही वाढला. त्रेपन्न घरांचा नाही. आणि त्या त्रेपन्नांपैकी एकाच्याही ओट्यावर तुम्ही जाऊन बसला नाहीत. मी विचारून आले आहे. धाब्याच्या अकरापैकी चार घरांचा इसार मात्र तुमच्याकडे आहे.”

गोकुळभाऊ काही बोलणार, तेवढ्यात प्रतीक्षा मॅडमनी हात वर केला. त्या मघापासून कम्प्युटरवर काहीतरी उघडत होत्या.

“कंपनीची अंतिम यादी माझ्याकडे आहे,” त्या म्हणाल्या. “मागच्या वर्षीचा अठ्ठावीस मार्च. बिलं तिच्यावरूनच यंदा निघाली. यादी छापायला जाण्याआधी स्थानिक माणसाकडून ती मूळ कागदांशी ताडून बघायची, अशी अट होती. गावातले शब्द बाहेरच्यांना कळत नाहीत म्हणून. शेवटच्या पानावर लिहिलंय: ‘वॉर्ड एक ते सात तपासले. चूक आढळली नाही.’” त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. “खाली सही तुमची आहे.”

गोकुळभाऊंनी पडद्यावरून नजर काढली.

बोलली ती आई. आवाज चढवला नाही. वर्गात ती फार रागावते तेव्हा असाच चढवत नाही.

“ऑपरेटरची चूक मी समजू शकते. त्याने धाबं पाहिलं नव्हतं. हरिओमभाऊंची चूक राग येण्यासारखी आहे, पण तीही समजते, भीती वाटली. तुम्ही मात्र याच गावात, धाब्याखाली जन्मलात. चूक शोधण्याचे पैसे तुम्हाला मिळाले होते. तुम्हाला ती सापडली. कागद दडवलेत, म्हणजे दुसऱ्या कोणाला ती सापडू नये. आणि मग तीच चूक घेऊन आमच्या दारात आलात, आमचं भलं करायला. माझा चहा प्यायलात, गोकुळभाऊ.”

“मॅडम, धंद्यात—”

“गोकुळ्या,” झुंबरबाईंनी त्यांना मध्येच तोडलं, “माह्या नवऱ्यानं तुले सायकल शिकवली बे. त्याच अंगनात.”

गोकुळभाऊंनी मान खाली घातली. पण अर्ध्या मिनिटाने वर केली तेव्हा त्यांचा हात खिशातल्या मोबाइलकडे जात होता.

“हरिओम,” प्रतीक्षा मॅडम उठल्या, “तुम्ही, शिपाई आणि पंचनाम्याचे कागद. आत्ता. दुकानाला फोन जायच्या आधी.”

फाइल स्कॅनरच्या प्लॅस्टिकखाली नव्हती. मी तिथेच असेल म्हटलं होतं, ते चुकलं. ती काउंटरच्या आत, प्लॉटच्या नकाशांबरोबर होती. अकरा पानांना पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक रक्कम. आमच्या पानावर आठ लाख. झुंबरबाईंच्या पानावर दोन.

६

गोकुळभाऊंवर तक्रार दाखल झाली. चारही इसार रद्द झाले. हरिओम यांना नोटीस मिळाली, आणि अकरा बिलं दुरुस्त करण्याचं कामही त्यांनाच मिळालं.

दुरुस्तीचा आदेश घ्यायला आई आणि मी आठवड्याने गेलो. नवा कर २,२९० रुपये. हरिओम यांनी खुर्च्या पुढे केल्या, पाणी मागवलं, आणि पोच म्हणून सही करायला आदेश आईसमोर ठेवला.

“झालं मॅडम. आता काही भानगड नाही. करा सही.”

आईने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. वही तपासताना वाचते तसं, प्रत्येक शब्दाखाली बोट धरून. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

‘सदर मिळकत ही ढाब्याचे घर असून...’

तिने कागद हरिओम यांच्याकडे फिरवला. त्यांनी वाचला, परत वाचला.

“बरोबर तं हाय... अरे बाप्पा.” त्यांनी कपाळावर हात मारला. “टायपिंगची चूक हो. एका अक्षराचं काय एवढं? तुमाले मायती, मले मायती. करून टाका सही.”

“एकतीस हजार दोनशे साठ,” आई म्हणाली. “त्या एका अक्षराचे.”

तिने पर्समधून लाल पेन काढलं. ‘ढा’वर आडवी रेघ मारली, वर ‘धा’ लिहिला, वरची गाठ नीट बांधून, आणि कागद परत सरकवला.

“पुन्हा छापून आणा. आम्ही बसलो आहोत.”

हरिओम उठले. प्रिंटर गरम व्हायला वेळ लागला. नवा कागद आला तेव्हा आईने तोही पहिल्या ओळीपासून वाचला.

घरी आल्यावर तिने कपाटातून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली, आणि मला शेजारून झुंबरबाईंची हातोडी आणायला पाठवलं.